समुद्री शेवाळापासून चांदीचे नॅनोकण: तपकिरी रंगाला भुलू नका

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यापासून बेलापूर-पनवेलपर्यंतच्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले, की समुद्री शेवाळाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवण्याचा विषय कुणीतरी घेतंच. घेण्यासारखा आहेच तो. शेवाळ किनाऱ्यावर मिळतं, विकत घ्यायचं रसायन जवळपास एकच, सोडियम बोरोहायड्राइडसारखं तापट काही वापरावं लागत नाही आणि तासाभरात फ्लास्कमधलं फिकट पाणी तपकिरी होतं. फोटो निघतो, गाइड खूश, पोस्टर तयार.

नेमकं घोडं इथेच पेंड खातं. नॅनोकणांमुळे जसा तपकिरी रंग येतो, तसाच तो आणखी दोन-तीन कारणांनीही येतो. शेवाळ खाऱ्या पाण्यातलं असल्यामुळे त्याच्या बाबतीत घोळ व्हायला जास्त वाव असतो. तुळशीच्या किंवा कडुनिंबाच्या पानांसाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी शेवाळाला लावली, की फ्लास्कमध्ये काय तयार झालं हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून या लेखात कृतीपेक्षा पडताळणीला जास्त जागा दिली आहे. कृती तशी दहा ओळींत संपते.

आधी थोडक्यात तत्त्व. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळलं की चांदीचे आयन सुटे होतात. शेवाळातली पॉलिफेनॉल, प्रथिनं आणि गंधकयुक्त पॉलिसॅकराइड (हिरव्या शेवाळातलं अल्व्हान, तपकिरीतलं फ्युकॉइडान, लाल शेवाळातलं कॅराजिनान) या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन धातूची चांदी बनवतात आणि मग त्याच कणांभोवती आवरण धरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कण १ ते १०० नॅनोमीटरच्या आत राहिले, की त्यांच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर डोलतात आणि तो प्रकाश शोषतात. चांदीसाठी ही तरंगलांबी साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर, म्हणजे जांभळा-निळा पट्टा. तो गेला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो.

शेवाळ कुठून आणायचं

ठाण्यात राहणाऱ्याला पहिला विचार खाडीचा येतो. तो सोडून द्या. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जाही मिळाला. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून काहीही उचलायचं नाही. परवानगी मिळाली तरी खाडीचा काठ मुख्यतः चिखल आणि कांदळवनाचा. शेवाळाला धरायला खडक लागतो. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत येत आलं आहे, आणि शेवाळ जड धातू शोषून घेण्यात पटाईत असतं. ज्या अर्कात आधीच तांबं, शिसं, कॅडमियम असू शकतं, त्यातून बनलेल्या कणांनी जिवाणू मेले तर श्रेय कुणाला देणार?

नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंत लोकल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, त्यामुळे पीरवाडीचा खडकाळ किनारा आता नवी मुंबईकरांच्या आवाक्यात आला आहे. सरावासाठी तिथलं शेवाळ चालेल. पण आजूबाजूला बंदर आणि तेल-वायूचे प्रकल्प आहेत, हे विसरू नका. ज्या नमुन्यावर प्रबंध लिहायचा तो जमल्यास रेवदंडा, रत्नागिरी किंवा मालवणकडून आणावा. दोन ठिकाणचं शेवाळ एका पिशवीत मिसळू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

वेळेचं गणित चंद्रावर चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत गेलात तर गुडघाभर पाण्यात हात घालून शोधत बसाल. ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च हा आपल्या किनाऱ्यावर शेवाळाचा चांगला काळ. किनाऱ्यावर वाहून आलेलं, कुजायला लागलेलं शेवाळ घेऊ नका. खडकावरचं जिवंत शेवाळ कात्रीने कापा. बुडखा उपटू नका, तो राहिला तर तिथे पुन्हा फूट येते. ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असतं, त्यामुळे किलोभर आणलं तर वाळून साधारण १००-२०० ग्रॅम हाती लागतं. तेवढं भरपूर झालं.

कोणतं घ्यायचं? नवख्यांसाठी माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा उल्व्हा घ्या. लेट्यूसच्या पानासारखं पातळ, पोपटी-हिरवं. नळीसारख्या जाती जुन्या पुस्तकांत एन्टेरोमॉर्फा नावाखाली सापडतील, त्याही आता उल्व्हातच धरतात. उल्व्हाचा अर्क फिकट असतो, त्यामुळे रंगात पडलेला फरक खरोखर दिसतो. सारगॅसम (छोटे हवेचे फुगे असलेलं तपकिरी झुडूप) फ्लोरोटॅनिनमुळे (तपकिरी शेवाळातल्या पॉलिफेनॉलमुळे) झपाट्याने काम करतं, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण त्याचा अर्क मुळातच चहासारखा तपकिरी असतो आणि त्यात रंगबदल शोधणं म्हणजे मनाचे खेळ. पॅडिना पंख्यासारखं सुंदर दिसतं, मात्र त्याच्या अंगावर चुन्याचा थर असतो. तो अर्काचं पीएच आणि पुढची सगळी रसायनं बिघडवतो. ग्रॅसिलेरियासारख्या लाल शेवाळातून अगार सुटतं आणि अर्क थंड झाला की फिल्टर पेपरवर खळ बसते. ही सगळी पुढच्या वर्षीची कामं.

नमुन्याची ओळख पटवून घ्या. एक फांदी हर्बेरियम शीटवर दाबून ठेवा, त्यावर ठिकाण आणि तारीख लिहा आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून नाव कायम करून घ्या. नाव चुकलं तर पुढचं सगळं काम भलत्याच जातीच्या खात्यावर जमा होतं.

धुणं: अर्धं काम इथेच आहे

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. क्लोराइड आणि चांदीचा आयन भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनतो, आणि तो बनायला क्लोराइड अगदी नखभर पुरतं. हिशेब करून बघा. १०० मि.ली. एक मिलिमोलर (लिटरमागे सुमारे ०.१७ ग्रॅम) सिल्व्हर नायट्रेटमध्ये समुद्राच्या पाण्याचा एक थेंब, म्हणजे ०.०५ मि.ली., पडला तर त्यातलं क्लोराइड फ्लास्कमधल्या एकूण चांदीपैकी पावहून थोडी जास्त चांदी गिळून टाकतं. एक थेंब! आणि आपण तर समुद्रात वाढलेलं अख्खं शेवाळ उकळणार आहोत.

हा साका पांढरा राहिला असता तर निदान लक्षात तरी आला असता. पण उजेडात तो करडा, जांभळट, मग तपकिरी होत जातो. अर्काचा मूळ पिवळेपणा त्यात मिसळला की फ्लास्क हुबेहूब ‘यशस्वी’ दिसतो. तपकिरी शेवाळांत आयोडीनही असतं, आणि सिल्व्हर आयोडाइड तर मुळातच पिवळट.

म्हणून धुवायचं ते असं. किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात खळबळून वाळू, शंख-शिंपल्यांचे तुकडे, चिकटलेले किडे काढून टाका. लॅबमध्ये आल्यावर नळाखाली भराभर तीन-चार वेळा धुवा. मोरबे धरणाचं असो की ठाण्याचं, नळाचं पाणी क्लोरिन घातलेलं असतं, त्यामुळे शेवटचे हात डिस्टिल्ड पाण्याचेच हवेत. मात्र शेवाळ गोड्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवू नका. पेशी फुटतात आणि ज्या फेनॉलसाठी एवढी खटपट, तीच मोरीत वाहून जातात. जास्त वेळा आणि थोडा थोडा वेळ, असा हिशेब ठेवा.

धुतलं गेलं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. शेवटच्या धुण्याचं पाच मि.ली. पाणी परीक्षानळीत घ्या, पातळ नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका. नळी काळ्या कागदासमोर धरून वरून ट्यूबलाइटच्या उजेडात बघा. थेंब पडतो तिथून पांढऱ्या धुराची वळी खाली उतरताना दिसली की समजा, अजून मीठ आहे, पुन्हा धुवा. नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊनही हीच चाचणी एकदा करा. बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या कॅनमध्ये कधी कधी याच चाचणीत धूर दिसतो. तसलं पाणी बॅटरीलाच लखलाभ.

एवढं करूनही पेशींच्या आतलं मीठ राहणारच. ते उकळताना अर्कात उतरतं. यावर खरा इलाज म्हणजे अर्क डायलिसिसच्या नळीत (फक्त लहान रेणू आणि आयन बाहेर सोडणाऱ्या पडद्याच्या पिशवीत) भरून डिस्टिल्ड पाण्यात ठेवणं आणि बाहेरचं पाणी वरची चाचणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहणं. त्यात लहान रेणूंची फेनॉल निघून जातात, आत पॉलिसॅकराइड आणि प्रथिनं उरतात. ती चांदीला पुरतात, फक्त वेळ जास्त घेतात. डायलिसिस केलेला आणि न केलेला, असे दोन्ही अर्क शेजारी शेजारी वापरले तर प्रोजेक्टला एक खरा प्रश्नही मिळतो.

वाळवताना सावलीत, पंख्याखाली, स्वच्छ कापडावर पसरा. हिवाळ्यात चार-पाच दिवसांत पान कुरकुरीत होतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत सावलीत ठेवलेल्या शेवाळाला बुरशी आधी लागते, तेव्हा ४० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. मिक्सरमधून भुकटी करा (घरचा मिक्सर नको, चटणीचं मीठ त्याच्या कानाकोपऱ्यांत असतं) आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा.

अर्क

१० ग्रॅम भुकटी, १०० मि.ली. डिस्टिल्ड पाणी, ६० ते ८० अंश सेल्सियस, २० ते ३० मिनिटं, अधूनमधून ढवळत. गरम असतानाच आधी मलमलच्या कापडातून आणि मग व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरमधून गाळा. अर्क बुळबुळीत असेल तर गाळायच्या आधी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर संध्याकाळ फनेलसमोर जाईल. पीएच मोजून वहीत लिहा. फ्रिजमध्ये चार अंशांवर काही दिवस टिकतो, पण ताजा वापरलेला बरा. वास बदलला तर टाकून द्या.

सिल्व्हर नायट्रेट

याचा रेणूभार १६९.८७. म्हणजे एक मिलिमोलर द्रावणासाठी १०० मि.ली.मध्ये फक्त १७ मि.ग्रॅ. कॉलेजच्या साध्या तराजूवर १७ मि.ग्रॅ. मोजणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा ०.१७० ग्रॅम घेऊन १०० मि.ली. करा. हा १० मिलिमोलरचा साठा झाला, लागेल तेव्हा तो दहापट पातळ करा. २५ ग्रॅमच्या एका बाटलीतून एक मिलिमोलरचं सुमारे १४७ लिटर द्रावण होतं, तेव्हा स्वतःच्या खिशातून बाटली घेण्याआधी रसायनशास्त्र विभागाच्या स्टोअरमध्ये विचारा.

द्रावण तपकिरी बाटलीत, वर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, अंधारात. हातमोजे आणि चष्मा न चुकता घाला. द्रावण हाताला लागलं तर त्या वेळी काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी बोटं काळी होतात आणि ते डाग कातडी बदलेपर्यंत जात नाहीत. डोळ्यात गेलं तर मात्र मामला गंभीर: ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

चार फ्लास्क, एक नव्हे

इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक कृतींत एकच फ्लास्क असतो. तुम्ही चार लावा.

पहिल्यात ९० मि.ली. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट आणि १० मि.ली. अर्क, हा खरा प्रयोग. दुसऱ्यात तेवढाच अर्क, पण चांदीऐवजी पाणी. अर्क स्वतःच तापून किंवा हवेमुळे गडद होतो का, ते इथे कळतं. तिसऱ्यात तेवढंच सिल्व्हर नायट्रेट आणि अर्काऐवजी पाणी, म्हणजे उष्णता आणि उजेड एकट्याने काय करतात ते दिसेल. चौथ्यात पुन्हा सिल्व्हर नायट्रेट आणि पाणी, पण पीएच पहिल्या फ्लास्कइतकं आणलेलं. हा चौथा फ्लास्क जवळजवळ कुणीच लावत नाही. पीएच वाढवलं की अभिक्रिया वेगाने होते, म्हणून बरेच जण सोडियम हायड्रॉक्साइड घालतात (पीएच कमी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालणारेही भेटतात, त्यांना क्लोराइडचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगावा). पीएच १० च्या घरात गेलं की अर्काशिवायही सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी-काळा साका पडू शकतो. पुन्हा तोच तपकिरी रंग!

अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये थेंबथेंब सोडा, चुंबकीय स्टररवर, ६० अंशांवर, फ्लास्कना फॉइल गुंडाळून. घाई नसेल तर खोलीच्या तापमानाला २४ तास अंधारात ठेवूनही चालतं. सुरुवातीला, १५, ३० आणि ६० मिनिटांनी व दुसऱ्या दिवशी चारही फ्लास्कमधून दोन-दोन मि.ली. काढून घ्या. अर्क मिसळल्यावर चांदी एक नव्हे, ०.९ मिलिमोलर राहते, पुढच्या सगळ्या हिशेबात हाच आकडा धरा.

आता नळ्या खिडकीशी नेऊन बघा. नॅनोकणांचं द्रावण गडद असलं तरी आरपार दिसतं, नळीमागे धरलेल्या वहीतली अक्षरं वाचता येतात. दूधकट, गढूळ, तळाशी भुकटी बसलेलं दिसलं तर शंका घ्या. एक मि.ली. वेगळं काढून त्यात पातळ अमोनियाचे काही थेंब टाका: सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ऑक्साइड विरघळून जातात, धातूची चांदी लगेच विरघळत नाही. ही चाचणी शिक्षकांसमोर करा, आणि झाल्याबरोबर पातळ नायट्रिक आम्लाने उदासीन करून चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका. अमोनियातलं चांदीचं द्रावण साठवलं किंवा वाळू दिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं. ‘उद्या आवरू’ इथे चालत नाही.

स्पेक्ट्रम

यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) बहुतेक कॉलेजांत असतो. ३०० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन करा. नमुना इतका पातळ करा की शिखराची उंची, म्हणजे शोषणाचा आकडा, एकच्या खाली राहील. त्याच्या वर गेलेला आलेख भारदस्त दिसतो, पण भरवशाचा नसतो. चारही फ्लास्कचे आलेख एकाच कागदावर काढा. अर्क वजा केलेला एकटाच देखणा आलेख छापण्यापेक्षा हे चौघे एकत्र जास्त बोलतात.

४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये स्पष्ट शिखर, ते फक्त पहिल्या फ्लास्कमध्ये, आणि वेळेबरोबर जागच्या जागी उंच होत जाणारं: हे मिळालं तर नॅनोकण असल्याचा चांगला पुरावा हाती आला. शिखर उजवीकडे सरकत, पसरट होत गेलं तर कण मोठे होताहेत किंवा एकमेकांना चिकटताहेत. शिखरच नाही, नुसता डावीकडून उजवीकडे उतरत गेलेला उतार आहे, तर तो गढूळपणाचा किंवा अर्काचा.

कण वेगळे करणं आणि उरलेलं पाणी

सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० ते १५,००० आरपीएमवर १५-२० मिनिटं, वरचं पाणी काढून डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा मिसळायचं, असं तीनदा. नोंदीत आरपीएमबरोबर रोटरची त्रिज्या किंवा ‘जी’ (गुरुत्वाच्या किती पट जोर) लिहा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर कुणाला तेच करता येणार नाही. पहिल्यांदा निघालेलं वरचं पाणी थोडं राखून ठेवा, पुढे लागेल. कण वाळवले की ते एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पुन्हा सुटे करणं अवघड जातं, तेव्हा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणं) आणि एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक गट ओळखणं) यांच्यापुरतेच वाळवा, बाकी पाण्यातच ठेवा.

चांदी असलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. पाण्यातल्या जिवांना चांदी फार कमी प्रमाणातही विषारी असते, आणि आपल्या सिंकचा शेवट कुठे होतो हे ठाणेकरांना सांगायला नको. ‘चांदीचा कचरा’ असं लिहिलेली एक बाटली ठेवा, त्यात साधं मीठ घालून विरघळलेली चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसवा आणि साका वेगळा जमवा. कॉलेजने तो अधिकृत यंत्रणेकडे द्यायचा असतो. धोकादायक कचऱ्याच्या सामायिक सुविधा महापे आणि तळोजा इथे, म्हणजे आपल्या दाराशीच आहेत.

मोठी यंत्रं

एक्सआरडी, टेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहणं), एफटीआयआर, डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणं) या चाचण्या सहसा बाहेर कराव्या लागतात. ठाण्याहून सगळ्यात जवळ पवईला आयआयटी मुंबईचं सैफ हे महागड्या यंत्रांचं सामायिक केंद्र आहे. देशभरातल्या कोणत्या संस्थेत कोणतं यंत्र उपलब्ध आहे ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता आणि बुक करता येतं.

पैसे एकाच चाचणीपुरते असतील तर मी आधी एक्सआरडी करायला सांगेन. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर धातूच्या चांदीची शिखरं २-थीटा (किरण वळण्याचा कोन) ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांच्या आसपास येतात. सिल्व्हर क्लोराइडची २७.८, ३२.२ आणि ४६.२ च्या आसपास. वनस्पतींच्या अर्कावरच्या अनेक छापील शोधनिबंधांतही ही दुसरी तीन शिखरं ठळक दिसतात आणि खाली ‘अर्कातली स्फटिकी सेंद्रिय द्रव्यं’ असं लिहून मोकळे झालेले असतात. तुमच्या आलेखात ती आली तर सरळ लिहा की चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांचं मिश्रण मिळालं. त्यात कमीपणा नाही. अशा मिश्रकणांवर वेगळं संशोधनही चालतं. एक्सआरडीच्या शिखराच्या रुंदीवरून, शेररच्या सूत्राने निघणारा आकार स्फटिकाचा असतो, कणाचा नव्हे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात.

टेमला द्रावण पातळ करून द्या आणि निदान शंभर कण मोजून सरासरी व पसारा लिहा, एकच सुबक फोटो नको. डीएलएसचा आकडा टेमपेक्षा मोठा येतो, कारण त्यात भोवतालचं शेवाळी आवरण आणि पाण्याचा थरही मोजला जातो. झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) उणे किंवा अधिक ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर द्रावण टिकाऊ मानतात. एफटीआयआरवरून आवरणात कोणते रासायनिक गट आहेत याचा अंदाज येतो. त्यावरून ‘अमुक रेणूनेच क्षपण केलं’ (म्हणजे चांदीला इलेक्ट्रॉन दिले) असं म्हणता येत नाही.

जिवाणूंवर चाचणी

हे काम मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये, ऑटोक्लेव्ह आणि प्रशिक्षित माणूस असेल तिथेच. स्टॅफायलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या नेहमीच्या जोडीपासून सुरुवात करा. प्रमाणित वाण चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जिवाणू-संग्रहांकडून मागवता येतात. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम), ०.५ मॅकफारलंड या मापाइतकं गढूळ कल्चर (मि.ली.मागे सुमारे १५ कोटी जिवाणू), ३७ अंश, १८ ते २४ तास.

जिवाणू पसरलेल्या अगारमध्ये भोक पाडून त्यात नमुना ओततात, आणि जिवाणू वाढले नाहीत तिथे भोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. प्लेटवर नॅनोकणांच्या भोकाशेजारी आणखी चार भोकं हवीत: नुसता अर्क, तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, राखून ठेवलेलं ते सेंट्रिफ्यूजचं पाणी आणि एखादं ओळखीचं प्रतिजैविक. सेंट्रिफ्यूजच्या पाण्याभोवतीही मोठं वर्तुळ दिसलं, तर जिवाणू मारणारे तुमचे कण नसून उरलेले सुटे आयन असू शकतात. वर्तुळाच्या मिलिमीटरवरून दोन नमुन्यांची तुलना करण्याचा मोह आवरा. आयन अगारमधून झपाट्याने पसरतात, कण रेंगाळतात, त्यामुळे वर्तुळ लहान म्हणून औषध कमजोर असं होत नाही. तुलनेसाठी ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) किमान रोधक प्रमाण, म्हणजे वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण, काढा, मि.ली.मागे किती मायक्रोग्रॅम चांदी, या मापात.

‘वैद्यकीय उपयोग’ किती लिहायचा

चांदीचं औषधातलं स्थान जुनं आणि खरं आहे. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे, आणि चांदीयुक्त ड्रेसिंग आज दवाखान्यांत सर्रास मिळतात. शेवाळातून बनवलेल्या कणांबाबत जखमेची पट्टी, कॅथेटरवरचा लेप, प्रतिजैविकाला साथ अशा दिशांनी काम चालू आहे. पण बशीत जिवाणू मरणं आणि रुग्णाला उपयोग होणं यांत बरंच अंतर आहे. जो कण जिवाणूला मारतो तो आपल्या पेशींनाही इजा करू शकतो. म्हणून पुढची पायरी एमटीटी चाचणीची (एमटीटी या रंगद्रव्यावरून किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात). त्यासाठी पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडून मिळतात, आणि पेशी-संवर्धनाची सोय असलेली लॅब लागते. तिथेही पेशी न घालता फक्त कण आणि एमटीटी असा एक कंट्रोल लावा, कारण कण स्वतःच रंगाच्या मापनात ढवळाढवळ करतात.

प्रबंधात ‘प्रयोगशाळेत जिवाणूरोधक गुण दिसला’ एवढंच लिहा. ‘कर्करोगावर गुणकारी’ वगैरे शब्द एका पेशीवाणावरच्या चाचणीतून येत नाहीत. औषध म्हणून पुढे न्यायचं असेल तर भारतात नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती एकदा वाचलीत की वाट किती लांबची आहे ते कळेल.

आणि लॅबमधलं द्रावण घरी नेऊन कुणाच्या जखमेला लावायचं नाही, प्यायचं तर मुळीच नाही. ते निर्जंतुक नसतं आणि त्यात काय काय आहे हे तुम्हालाही पुरतं ठाऊक नसतं. चांदी शरीरात साठत गेली की कातडी कायमची निळसर-करडी होते, त्याला अर्जिरिया म्हणतात. पिण्याच्या ‘कोलॉइडल सिल्व्हर’ला अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती काहीही म्हणोत.

वेळापत्रक

पावसाळ्यात चांगलं शेवाळ मिळत नाही, म्हणून हात बांधून बसू नका. ते महिने सरावाचे. ट्रायसोडियम सिट्रेट घालून सिल्व्हर नायट्रेट उकळण्याची जुनी प्रमाणित पद्धत आहे. तिने एकदा कण बनवून त्यांचा स्पेक्ट्रम वहीत चिकटवून ठेवा, म्हणजे खरं शिखर कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल. लॅबमधल्या प्रत्येक पाण्याची क्लोराइड चाचणी याच काळात उरका. नोव्हेंबरच्या पहिल्या उधाणाला किनारा गाठा, त्याच महिन्यात धुणं-वाळवणं आणि ओळख, डिसेंबरमध्ये चार फ्लास्क. टेम आणि एक्सआरडीचं बुकिंग मात्र नमुना तयार व्हायची वाट न पाहता नोव्हेंबरातच करून टाका. फेब्रुवारीत सगळ्या कॉलेजांची मुलं एकदम जागी होतात आणि मग तारीख मिळते ती सबमिशननंतरची.